वास्को द गामा क्लबचं १९२४ चं पत्र: तत्त्वासाठी नकार की सोयीचा पवित्रा?

डावखुरा

ब्राझीलचा फुटबॉल म्हटलं की आपली चर्चा पेले, सान्तोस क्लब आणि माराकाना स्टेडियमच्या मागे जातच नाही. मला थेट ७ एप्रिल १९२४ ला जायचंय. त्या दिवशी रिओच्या वास्को द गामा क्लबचे अध्यक्ष जोसे आगुस्तो प्रेस्तेस यांनी 'आमेआ' या रिओतल्या क्लबांच्या नव्या फुटबॉल संघटनेला एक छोटं पत्र लिहिलं. तुमच्या अटी मान्य नाहीत, आम्ही तुमच्यात येत नाही, एवढाच त्याचा गाभा. माझं मत असं की आज आपण ज्याला ब्राझीलचा फुटबॉल म्हणतो, तो या नकारापासून सुरू होतो.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. क्लब स्थापन झाला २१ ऑगस्ट १८९८ ला, रिओच्या बंदराला लागून असलेल्या साऊदे वस्तीत. ६२ सभासद, बहुतेक पोर्तुगालहून पोटापाण्यासाठी आलेले, दुकानांत आणि पेढ्यांवर राबणारे. क्लब होता होड्या वल्हवण्याचा. तिथून हाकेच्या अंतरावर वालोंगोचा धक्का, जिथे आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम उतरवले गेले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. आणि १९०४ मध्ये याच क्लबने कांदिदो जोसे द आराउजो या मिश्रवर्णीय माणसाला अध्यक्ष केलं. त्या काळात रिओतल्या बड्या क्लबांमध्ये अशा माणसाला साधं सभासदत्व मिळणं मुश्किल होतं.

फुटबॉल आला १९१५ मध्ये, लुझितानिया नावाचा छोटा क्लब सामावून घेतला तेव्हा. पहिला सामना ३ मे १९१६, तिसऱ्या श्रेणीत, आणि निकाल १-१० असा पराभव! तिथून चढत चढत १९२३ मध्ये पहिल्या श्रेणीत आले आणि पहिल्याच वर्षी विजेते झाले. १४ सामने, ११ विजय, २ बरोबरी, १ हार. ती एकुलती एक हार रिओच्याच फ्लामेंगो क्लबकडून, ३-२.

आता संघात कोण होतं ते बघा. गोलकीपर नेल्सन दा कॉन्सेसाओ टॅक्सी चालवायचा. सेसी भिंती रंगवायचा. निकोलिनो गोदीत हमाली करायचा. बोलाओ ट्रक चालवायचा. काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे एकाच काळ्या जर्सीत. ही मंडळी वकील-डॉक्टरांच्या घरातल्या मुलांना त्यांच्याच मैदानावर हरवत होती.

पुढच्याच वर्षी फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका (हेही क्लबचंच नाव) आणि बांगू हे रिओचे पाच क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनी आमेआ काढली. वास्कोला आत यायचं तर बारा खेळाडू काढा, ही अट. कारण काय, तर त्यांची 'सामाजिक पत'. प्रेस्तेस यांनी लिहिलं की ज्या चौकशीत या मुलांना ना प्रतिनिधी मिळाला ना बचावाची संधी, तिचा निकाल आम्ही मानत नाही. ज्यांनी आम्हाला विजेतेपद मिळवून दिलं त्यांचा बळी देऊन मिळणारं सभासदत्व नको. मी याला क्रांती म्हणतो.

इतिहासवेडी

पत्र मोठं आहे, मान्य. पण 'सुरुवात' म्हणताय तिथे मी अडते. बांगूला विसरून कसं चालेल?

बांगू हे रिओच्या कडेचं कापड गिरणीचं गाव. गिरणीतल्या इंग्रज तंत्रज्ञांनी १९०४ मध्ये क्लब काढला. संघ पुरा करायला माणसं कमी पडली म्हणून गिरणीचे कामगारही खेळू लागले. १९०५ मध्येच फ्रान्सिस्को कारेगाल हा काळा विणकर बांगूकडून खेळत होता. त्या संघाचा एक फोटो आहे. इंग्रज, इटालियन, पोर्तुगीज यांच्यात तो बसलाय, कपडे सगळ्यांत नीटनेटके त्याचेच. त्या फोटोकडे मी कितीदा तरी बघितलंय. त्या माणसाला ठाऊक असणार की आपल्या बुटांवरची धूळसुद्धा मोजली जाणार आहे.

१९०७ मध्ये लीगने ठराव केला की 'रंगीत' लोकांची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. बांगू लीग सोडून बाहेर पडला. वास्कोच्या पत्राच्या सतरा वर्षं आधी! तेव्हा वास्कोमध्ये फुटबॉल सुरूही झाला नव्हता. मग श्रेय कुणाचं?

डावखुरा

बांगूचा मान मी काढून घेत नाही. पण १९२४ मध्ये आमेआ स्थापन करणाऱ्या पाच क्लबांत बांगू होता, हे तुम्ही गाळलंत. जो क्लब १९०७ मध्ये बाहेर पडला तोच १९२४ मध्ये दाराच्या आतल्या बाजूला उभा होता. मला हे वाईट वाटून सांगावं लागतंय, पण सांगायला हवं.

इतिहासवेडी

गाळलं नाही, त्यावर येणारच होते. बांगू गिरणीचा क्लब होता, आणि गिरणीचे मालक शहरातल्या बड्या क्लबांशी वैर घेऊन किती दिवस राहणार? त्या निर्णयाचं समर्थन मी करत नाही. पण त्यामुळे १९०५ आणि १९०७ पुसलं जात नाही. पुढे फाऊस्तो आणि दोमिंगोस दा गिया हे दोघेही बांगूतच घडले आणि मग वास्कोकडे गेले. ज्या काळ्या खेळाडूंच्या नावाने आज वास्कोचं कौतुक होतं, त्यांतल्या दोघांना वाढवणारं अंगण बांगूचं होतं, एवढंच म्हणणं आहे.

हिशेबनीस

दोघांशीही असहमत. मी ते पत्र पुन्हा वाचलं. त्यात वर्ण किंवा वंश हा शब्द एकदाही येत नाही. 'सामाजिक पत' येतं. आणि पत्राचा सुरुवातीचा मोठा भाग कशाबद्दल आहे? पाच संस्थापक क्लबांना मिळालेले विशेषाधिकार, मतदानाचा हक्क, पुढची वर्गवारी. म्हणजे तक्रार सभासदत्वाच्या दर्जाचीही होती. शंभर वर्षांनंतर आपण त्यावर आपल्या काळाचे शब्द चिकटवतोय.

दुसरं, पैशाचं. तेव्हा नियम हौशी खेळाचा होता, म्हणजे खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. वास्कोचे पोर्तुगीज व्यापारी खेळाडूंना दुकानात नावापुरती नोकरी द्यायचे आणि सराव पूर्ण वेळ. उरुग्वेचा प्रशिक्षक रामोन प्लातेरो त्यांना रोज पळवायचा, म्हणून उत्तरार्धात बाकीचे संघ धापा टाकत असताना हे गोल करत. जिंकल्यावर बक्षिसी मिळायची. तिला 'बिशो' म्हणजे जनावर म्हणत, कारण रकमेची नावं रिओतल्या जनावरांच्या आकड्यांच्या जुगारावरून पडली होती: पाच मिलरेइसला (तेव्हाचं ब्राझीलचं चलन) कुत्रा, दहाला ससा, वीसला टर्की. हा शब्द ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये अजून चालतो. नियमाप्रमाणे बघितलं तर आमेआचा आक्षेप खोटा नव्हता. वास्कोने चांगले खेळाडू विकत घेतले आणि ते सोडायला तयार झाले नाहीत. यात व्यापारी शहाणपण आहे, क्रांती कुठे आहे?

सायली ता.

हिशेबनीस, तुमचं हौशी खेळाचं म्हणणं मला सर्वांत जास्त खटकलं. हौस कुणाला परवडते? ज्याच्या बापाची पेढी आहे त्याला. निकोलिनोने दिवसभर गोदीत पोती उचलायची आणि संध्याकाळी फुकट खेळायचं, समोरचा मात्र दुपारपासून क्लबच्या गच्चीवर विश्रांती घेणार. हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा. प्रत्यक्षात तो कोण मैदानात येणार हे ठरवायचा.

आणि सहीचं विसरू नका. सामन्याआधी खेळाडूने स्वतः कागदावर सही करायची, माहितीचा अर्ज स्वतः भरायचा, अशी अट होती. निरक्षर माणूस आपोआप बाहेर. वास्कोने काय केलं? खेळाडूंना लिहा-वाचायला शिकवलं. उजव्या बाजूने खेळणाऱ्या पास्कोआलचं आडनाव चिनेल्ली होतं. ते लिहिताना तो अडायचा, म्हणून त्याचं नाव पास्कोआल सिल्वा केलं, अशी गोष्ट रिओत सांगतात. मी प्रौढ साक्षरता वर्गात काही वर्षं शिकवलंय. चाळिशीच्या बाईने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिताना पेन्सिल इतकी घट्ट धरली होती की टोक मोडलं. मैदानाच्या कडेला, प्रतिस्पर्धी बघत असताना, सही करायला वाकलेला तो पंचविशीतला खेळाडू मला स्पष्ट दिसतो.

पत्रात वंश हा शब्द नाही हे खरं. आमेआच्या नियमांतही वरवर तो नव्हता! दरवाजा बंद करणाऱ्याने जो शब्द वापरला त्याच शब्दाला उत्तर मिळालं. आपलं मैदान अपुरं आहे, इमारत साधी आहे, बरेच सभासद बेताच्या परिस्थितीतले आहेत, हे सगळं प्रेस्तेस यांनी त्याच पत्रात लिहून दाखवलंय. ते वाक्य लाजून लिहिलेलं नाही.

मुरगावकर

मी वास्को शहरात वाढलो, गोव्यातल्या. आमच्या गावाचं नाव आणि या क्लबचं नाव एकाच माणसावरून. म्हणून थोडं वेगळं बोलतो.

क्लब १८९८ मध्ये निघाला कारण वास्को द गामाच्या भारतप्रवासाला तेव्हा चारशे वर्षं झाली होती. रिओतले पोर्तुगीज तो सोहळा साजरा करत होते. त्यांच्यासाठी तो दर्यावर्दी म्हणजे मायदेशाची आठवण. आमच्यासाठी तो १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज, आत बायका-मुलं असताना, मलबारच्या समुद्रात जाळणारा माणूसही आहे. क्लबच्या जर्सीवरचा क्रॉस बघताना माझ्या मनात हे येतंच. क्लबचं कौतुक करताना हे नाव कुठून आलं तेही सांगायला हवं, अशी माझी मागणी आहे.

तरी पत्राच्या बाबतीत मी डावखुरा यांच्या बाजूने. साम्राज्याच्या अभिमानातून निघालेल्या क्लबने, साम्राज्याने ज्यांना साखळ्यांत आणलं त्यांच्या नातवंडांना सोडलं नाही. हे नाव ठेवणाऱ्यांना असं काही अपेक्षित होतं का, मला शंका आहे. म्हणूनच मला ते जास्त मोलाचं वाटतं.

हिशेबनीस

सायली, सहीचा मुद्दा पटला. हौशी नियम गाळणीसारखा वापरला गेला, हे मान्य करतो. पण 'क्रांती' अजून पटत नाही. १९२५ मध्ये वास्को त्याच आमेआत गेला ना? सहीची अट तिथे होतीच. क्रांती करणारा वर्षभरात त्याच घरात पाहुणा म्हणून जातो का?

डावखुरा

गेला, पण बारा जणांना न काढता गेला. १९२४ चं वर्ष त्यांनी छोट्या क्लबांच्या जुन्या लीगमध्ये काढलं आणि एकही सामना न हरता जिंकलं. मोठे सामने गेले, तिकिटांचं उत्पन्न गेलं. बक्षिसी देऊन खेळाडू आणणाऱ्या व्यापाऱ्याला तोटा कळत नव्हता असं तुम्हीच म्हणणार नाही. नुसतं व्यापारी शहाणपणच असतं तर बारा जण काढून नवे बारा आणणं सर्वांत स्वस्त होतं. शेवटी आमेआलाच वास्कोची गर्दी हवी होती.

मैदान नाही म्हणून हिणवलं, तर सभासदांनी वर्गणी काढली. साओ जानुआरिओचं स्टेडियम दहा-अकरा महिन्यांत उभं राहिलं, २१ एप्रिल १९२७ ला उघडलं. तेव्हा ब्राझीलमध्ये एवढं मोठं दुसरं नव्हतं. उद्घाटनाचा सामना सान्तोसने ५-३ ने जिंकला, तेही सांगून टाकतो.

इतिहासवेडी

स्टेडियमची गोष्ट मला पाठ आहे आणि ती ऐकताना दर वेळी भरून येतं. तरी धाग्याच्या शीर्षकात निदान 'बांगू' हा शब्द घाला. कारेगालने पत्र लिहिलं नाही, त्याच्या वतीने कुणी लिहिलेलं पत्र आज कुणी वाचत नाही. तो नुसता नीट कपडे करून फोटोला बसला, आणि मग खेळायला गेला.