मदत हवी आहे : दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आजीसाठी कोणती उशी?

आमची आजी (वय ८४) गुडघ्यांमुळे दिवसभर खुर्चीतच असते. माकडहाडाशी रुपयाएवढा लाल चट्टा आलाय; बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. कातडी फुटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, ही बेडसोअरची पहिली पायरी. तिथे चोळायचं नाही, मधे भोक असलेली गोल रिंगही नको. कडेने दाब पडून रक्तपुरवठा अडतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी भार बदलायचा. पण ऐकेल तर ना बाप्पा! "सिरियल संपू दे" म्हणते. त्यात नागपूरचा मे, कूलर लावूनही पाठ घामाने ओली.

धंतोली किंवा मेडिकल चौकाकडे जेलची, नाहीतर हवेच्या कप्प्यांची उशी कुठे मिळेल? भाड्याने देतात का? घामासाठी खाली काय अंथरता? ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा. हळद-तुपाचे सल्ले शेजारून भरपूर आलेत.