शब्दचर्चा: वायफाय घेतलं, बसवलं, लावलं की पकडलं?

खडीसाखर
आमच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळी बरीच. मुलं बाहेरगावी नाहीतर परदेशात, आणि घरात नवंकोरं फायबर (प्रकाशातून नेट आणणारी काचेची बारीक वायर) आलेलं. त्यांच्यासाठी घरातलं वायफाय कसं उभं करायचं, याचं एकपानी मराठी टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. 'बिनतारी जाळे प्रस्थापित करणे' असं लिहिलं तर शेजारच्या काकू कागद न वाचता परत देतील. आणि सगळे इंग्रजी शब्दच ओवायचे तर मराठीत लिहायचं तरी कशाला? वायरलेस, नेटवर्क, राउटर, रेंज, पासवर्ड एवढ्यांना तुम्ही काय म्हणता ते सांगा. कोशातलं नको, तोंडातलं हवं.

तारतम्य
'बिनतारी'ला असं एकदम मोडीत काढू नका. पोलिसांच्या वायरलेसला आपल्याकडे बिनतारी संदेश यंत्रणाच म्हणत आलेत, पेपरातही तसंच छापून यायचं. घडणही अस्सल आहे. बिनपगारी रजा, तसं बिनतारी यंत्र. मात्र 'बिनशर्त'ला शेवटची ई लागत नाही आणि 'बिनतारी'ला लागते, याचा नियम कुणाला ठाऊक असेल तर सांगावा.
अडचण वेगळीच आहे. 'तार' म्हटलं की माझ्या पिढीला टपाल खात्याची तार आठवते, आणि ती २०१३ च्या जुलैत बंद झाली. नव्या पोरांना तार म्हणजे कुंपणाची. घरात जी असते ती 'वायर'. त्यामुळे शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहत नाही.

उंटावरचा
जुन्या कागदपत्रांत 'अमका बिन तमका' म्हणजे तमक्याचा मुलगा. त्या हिशेबाने बिनतारी कोण लागतो?

तारतम्य
राउटरचा मालक. पुढे चला.

गवतीचहा
मी एका केबलवाल्याकडे नेटच्या तक्रारी घेतो, दिवसभर हेच ऐकतो, म्हणून जरा लांबण लावतो.
नामांवर डोकं शिणवू नका. राउटर राउटरच राहणार. 'मार्गक' लिहिलंत तर लोक तो भिंतीवर शोधत बसतील. निम्म्या घरांत तर त्याला 'डबा' म्हणतात, आणि तेही चालतं. मराठी सगळी क्रियापदांत आहे. 'वायफाय घेतलं' म्हणजे महिन्याचे पैसे भरून जोडणी घेतली. 'वायफाय बसवलं' म्हणजे माणूस आला, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, फायबर आत ओढली, डबा भिंतीला ठोकला. 'वायफाय लाव' म्हणजे फोनवर चालू करून जोड. 'वायफाय पकडत नाही' म्हणजे त्या खोलीपर्यंत पोचत नाही. एकच नाम, चार क्रियापदं, चार वेगळी कामं. कुणाला शिकवावं लागत नाही.
घोटाळा होतो तो 'गेलं'पाशी. 'वायफाय गेलं' असा फोन आला की मला काहीच कळत नाही. बाहेरून फायबरमधून घरात येतं ते नेट. डब्यापासून फोनपर्यंत हवेतून जातं ते वायफाय. दोन्ही स्वतंत्रपणे जाऊ शकतात. फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली आहे आणि व्हिडिओ नुसताच गोल फिरतोय, तर बहुतेक वेळा वायफाय ठणठणीत आहे आणि नेट गेलंय. उलट लॅपटॉप वायरीने डब्याला जोडला की छान चालतो आणि फोन चालत नाही, तर नेट आहे, गडबड वायफायची आहे. तुमच्या टिपणात हा एक फरक नीट आला तरी माझे दिवसाचे निम्मे फोन वाचतील.
फोनवर मी सगळ्यांना एकच विचारतो. 'काकू, डब्यावर लाल दिवा लागलाय का?' 'लाल नाही हो, तीन हिरवे आहेत आणि एक लुकलुकतोय.' 'लुकलुकणाऱ्याच्या खाली काय लिहिलंय?' मग चष्म्याचा शोध सुरू. एलओएस या अक्षरांपाशी लाल दिवा असेल तर प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे बाहेर कुठेतरी फायबर तुटली, दुमडली किंवा सुटली. आमची लाईनवरची पोरं त्याला सरळ 'लॉस' म्हणतात, 'काकूंकडे लॉस आलाय'. काकूंना वाटतं त्यांचा काही तोटा झाला. अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही, माणूसच पाठवावा लागतो.

खडीसाखर
हे सोन्यासारखं आहे. दिव्यांची चित्रंच काढते. आता 'रेंज'चं सांगा.

चिरेबंदी
आमचं कोकणातलं जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती. ओटीवर डबा, माजघरात नेट रडतखडत, स्वयंपाकघरात शून्य. 'रेंज' शब्द आता मराठीच झालाय, आमची म्हातारी माणसंही 'रेंज नाय' म्हणतात. पण तुम्हाला मराठी हवा असेल तर 'टप्पा' आहे की! बंदुकीच्या टप्प्यात, माऱ्याच्या टप्प्यात. 'खोली राउटरच्या टप्प्यात आहे का पाहा' हे कुणालाही कळेल. 'पल्ला'ही चालेल, पण पल्ला लांबचा वाटतो आणि आमच्या डब्याचा पल्ला उंबऱ्यापर्यंतच आहे.
टिपणात एवढं घाला: डबा घराच्या मधोमध आणि उंचावर हवा. टीव्हीच्या कपाटात, फ्रिजमागे, मायक्रोवेव्हशेजारी नको. बसवायला येणारा माणूस वायर वाचवायला दाराजवळच ठोकून जातो, त्याच्यापाशी उभं राहून जागा दाखवावी लागते. नंतर रिपीटर (वायफाय पुढच्या खोल्यांत पोचवणारा जोडडबा) घेण्यापेक्षा तेव्हाच चार मीटर फायबर जास्त मागावी.

गवतीचहा
चार मीटरवरून आमच्या पोरांना नका हो भांडायला लावू. (बाकी म्हणणं खरं आहे.)

पाणीपुरी_नको
एक शंका. आमच्या फोनवर घरातली दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकापुढे 'फाईव्ह जी'. बाबा म्हणतात आपल्याकडे फाईव्ह जी आलंय, वरचे पैसे लागतील, ते नाव दाबू नकोस.

तारतम्य
बाबांना सांगा, पैसे लागणार नाहीत. मोबाईलच्या फाईव्ह जीतला 'जी' म्हणजे जनरेशन, पिढी, पाचवी पिढी. डब्यावरचा 'जी' गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झची लहर. साधं नाव असतं ते २.४ गिगाहर्ट्‌झचं. २.४ चा टप्पा लांब, भिंतींतूनही बऱ्यापैकी जातं, पण वेग कमी आणि गर्दी फार, कारण शेजारपाजारचे डबे, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे तिथंच. ५ चा वेग जास्त, पण भिंत आली की दमतं. डब्याच्याच खोलीत बसलात तर ५, माजघरात गेलात तर २.४. मराठीत 'लांबचं' आणि 'जलद' अशी नावं देऊन टाका, घरात भांडण होणार नाही.
आणि वायफाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी' असं टिपणात लिहू नका. ते कशाचंच लघुरूप नाही. १९९९ मध्ये एका नाव सुचवणाऱ्या कंपनीकडून करून घेतलेलं ते व्यापारी नाव आहे, 'हायफाय'शी यमक जुळतं म्हणून निवडलेलं. ती फिडेलिटी जाहिरातीच्या ओळीत मागाहून चिकटली.

उंटावरचा
म्हणजे त्याचं मराठी भाषांतर करणं हे 'निरमा'चं भाषांतर करण्यासारखं. संपला प्रश्न.
पासवर्डला मात्र 'परवलीचा शब्द' लिहाच. पहारेकरी विचारतो, 'कोण आहे? परवलीचा शब्द सांग', आणि बरोबर सांगितला तर आत सोडतो. डबा हुबेहूब हेच करतो. 'संकेतशब्द' सरकारी फॉर्ममध्ये शोभतो, आणि संकेतस्थळाशी गल्लत होते ती वेगळीच.

चिरेबंदी
परवलीचा शब्द छान, पण एकदाच लिहा. पुढे पासवर्ड. दर ओळीत 'परवलीचा शब्द बदला' वाचून किल्ल्यावर आल्यासारखं होईल.

गवतीचहा
पासवर्ड दोन असतात हे आधी सांगा. एक वायफायचा, जो पाहुण्यांना देता. दुसरा डब्याच्या आतल्या पानांचा, ज्याने सेटिंग बदलतात. तो बऱ्याच डब्यांवर कंपनीने घातलेलाच राहतो आणि खालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. तो आधी बदलायचा. वायफायचा किमान ८ अक्षरी लागतो, जास्तीत जास्त ६३, आणि रोमनमध्येच. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, विळी पतंग ढेकर सोमवार अशा थाटाचे. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको, सगळ्या जिन्याला पाठ असतं. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ही पद्धत निवडा. जुन्या डब्यात डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी पद्धतच दिसली तर तो डबा बदलाच.

पाणीपुरी_नको
आणि लिंग? वायफाय 'गेलं' की 'गेला'?

खडीसाखर
आमच्याकडे गेलं. नेट गेलं, वायफाय गेलं, राउटर गेला, रेंज गेली, लाईट गेली. 'स्पीड'वर एकमत नाही. माझा नवरा 'चांगला' म्हणतो, सासूबाई 'चांगली'. टिपणात 'वेग' लिहून सुटते.
शेवटची शंका: वायफायचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? काकूंना फोनवरच्या यादीत आपलं नाव पटकन सापडेल.

तारतम्य
येतं, पण जागा मोजून. नावाला ३२ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त हीही वेगवेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'कुलकर्णी' आठ चिन्हांत, २४ बाइटांत बसतात. काही डबे देवनागरी घेतच नाहीत, काही जुन्या उपकरणांवर त्याजागी चौकोन दिसतात. आधी करून पाहा, मगच छापा.

खडीसाखर
काकूंना 'विठ्ठलनिवास' हवंय.

तारतम्य
अकरा चिन्हं, ३३ बाइट. एका बाइटाने हुकलं. 'विठ्ठलकृपा' बसेल, दहा चिन्हं, ३० बाइट.