कवेलू (कौलं) काढून टिनं टाकायची आहेत, ग्रामपंचायतीची परवानगी लागते का?

वर्धेकर: गावठाणातलं घर, २० बाय ३० फूट, विटांची मातीत बांधलेली भिंत. वांदरं कवेलू राहू देत नाहीत आणि फेरायला माणूस भेटत नाही. भिंत दोन फूट वाढवून लोखंडी पाइपावर टिनं टाकायची आहेत. मिस्त्री म्हणते, कागद काहीच लागत नाही.

नमुना_आठ: उंची तीच, भिंती त्याच, फक्त छप्पर बदललं तर ती दुरुस्ती. तुम्ही भिंत चढवताय, म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली पंचायतीची परवानगी घ्या. एवढ्या लहान घरासाठी नगररचना कार्यालयात जायचं काम नाही. अर्जासोबत नमुना ८, कर भरल्याची पावती, गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), आणि शेजाऱ्यांच्या हद्दी दाखवणारा नकाशा. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. नमुना ८ म्हणजे कर आकारणी, मालकी हक्क नाही; वाटणी झाली नसेल तर भावांची संमती जोडा.

आणखी एक. टिनाची वळचण हद्दीबाहेर गेली की भांडण ठरलेलं. कवेलूचं पाणी थेंबथेंब पडते, टिनाची धार सरळ शेजाऱ्याच्या भिंतीवर. पन्हाळी लावा आणि पाणी आपल्याच अंगणात उतरवा.

कैचीवाला: मला कागदापेक्षा भिंतीची चिंता वाटते. मातीच्या जुडाईवर दोन फूट चढवून त्यात पाइप गाडला, तर वादळात टिनं वरच्या विटांसकट जातात. त्यापेक्षा लांबीच्या दोन्ही बाजूंना दर १० फुटांवर लोखंडी खांब, एकूण आठ. खड्डा दीड बाय दीड, खोली निदान तीन फूट; काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर ती फुगून खांब हलवते. टीन ०.५० मिमी, पर्लिन (टिनाखालचे आडवे पाइप) चार फुटांवर, वळचणीला आणि मगरीला (छपराच्या माथ्याला) तीन फुटांवर. स्क्रू टिनाच्या नळीच्या, म्हणजे उंचवट्याच्या माथ्यावर, खाचेत नाही. खाचेतून पाणी वाहते. रबराचा वायसर चपटा होईपर्यंत आवळला की दोन उन्हाळ्यांत फाटतो.

वर्धेकर: गावात सगळे टिनावर गोटे ठेवतात. तेवढ्यानं भागणार नाही का?

कैचीवाला: नाही जी. नागपूरसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ११६२ न्यूटन, चौरस मीटरला साधारण ११८ किलो दाब. कडेला उचल याच्या जवळपास जाते, आणि टिनाचं वजन चौरस मीटरला पाच किलोसुद्धा नाही. समोरचा ओसरा उघडा असेल तर वारा आतूनही ढकलतो. गोटा उलट खाली माणसावर पडते. त्यापेक्षा पैसा वळचणीच्या ओळीत लावा: तिथे प्रत्येक नळीला स्क्रू, मधल्या ओळींत एकाआड एक.

नमुना_आठ: काम झाल्यावर नमुना ८ मध्ये छपराची नोंद बदलून घ्या. कर थोडा वाढेल.