किटची खोकी, रंग आणि अर्धवट मॉडेलं एका भिंतीवर कशी बसवावीत?

पंखशेपटी:
नमस्कार मंडळी. घरातली आठ फूट रुंद भिंत अखेर प्लास्टिकची मॉडेलं जोडण्याच्या माझ्या छंदाच्या वाट्याला आली आहे. आजवर खोकी पलंगाखाली, कपाटावर, दाराआड, जिथे जागा मिळेल तिथे सरकवत होतो. बहुतेक १:७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) विमानं आहेत, थोडे १:३५ चे रणगाडे, आणि १:३५० चं यामातो हे जपानी युद्धजहाज, ते अजून उघडलेलंही नाही. शिवाय रंगांच्या बाटल्या, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) आणि टेबलावर कायम अर्धवट असलेलं काहीतरी.

सुताराला मापं द्यायची आहेत. माझा बेत असा, की भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फूट खोल सलग फळ्या मारायच्या आणि स्केलप्रमाणे मांडणी करायची: वर १:७२, मध्ये १:३५, खाली जहाज. खोकी आणि तयार मॉडेलं शेजारी शेजारी. डाव्या हाताला खिडकी आहे, उजेड भरपूर येतो. यात काही चुकतंय का? एकदा फळ्या बसल्या की मला पुन्हा ठोकाठोकी करायची नाही.

चिमटा:
सलग आठ फूट फळी नको. वजन सारखं पसरलेलं असलं तरी दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं की फळीचा बाक सोळापट होतो. पार्टिकल बोर्ड असेल तर तो बाक पुढे वाढतच जातो. १८ मिमी प्लायवूड घ्या आणि दर अडीच फुटांवर उभा आधार द्या. फळ्या खिळ्यांनी पक्क्या करू नका, उभ्या बाजूंना भोकं पाडून पिनांवर टेकवा, म्हणजे उंची केव्हाही बदलता येईल. ठोकाठोकी टाळायचा हाच मार्ग आहे.

जुनं_डीकल:
चिमटा यांच्याशी सहमत. मला मांडणीबद्दल सांगायचंय.

स्केलप्रमाणे फळ्या लावू नका. किट आपण स्केल बघून हातात घेत नाही, काम कुठवर आलंय ते बघून घेतो. न उघडलेलं खोकं महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. चालू काम रोज खाली उतरतं आणि रोज वर जातं. तयार मॉडेलला तर शक्यतो हातच लागू नये. एकाच फळीवर हे तिन्ही ठेवले, की खोकं ओढताना विमानाचा अँटेना मोडतो.

म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतची जागा, म्हणजे भिंतीचा सगळ्यात सोयीचा भाग, चालू कामाला द्या. बहुतेक जण तिथे तयार मॉडेलं सजवतात आणि अर्धवट किट टेबलावर पडून राहतं. मला विचाराल तर छंद तिथेच अडतो. टेबल रिकामं नसलं की बसावंसंच वाटत नाही.

त्या जागेत फळ्यांऐवजी उथळ ट्रे करून घ्या, बाहेर ओढता येतील असे, चारही बाजूंना दोन बोटं काठ असलेले. एका ट्रेमध्ये एकच किट: स्प्रू (तुकडे जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी), सूचनापत्रक, त्या किटपुरते रंग आणि एक चिठ्ठी, कोणत्या पायरीवर थांबलो त्याची. किट तीन महिन्यांनी पुन्हा हातात घेतलंत तरी त्या चिठ्ठीवरून पाच मिनिटांत काम सुरू होतं. ट्रेच्या कोपऱ्यात एक झाकणाची डबी हवी, सुटलेल्या तुकड्यांसाठी. आणि तुकडे स्प्रूवरून आधीच कापून ठेवू नका. नंबर तुकड्यावर नसतो, तो शेजारच्या चौकटीवर असतो. कापलात की डबीत नुसत्या एकसारख्या करड्या काड्या उरतात आणि डावी स्ट्रट (आधाराची काडी) कोणती, उजवी कोणती, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आणि बाकीचे पारदर्शक भाग पहिल्याच दिवशी वेगळ्या पिशवीत, मऊ कागदात गुंडाळून. आणि तुमच्या रणगाड्यांसाठी खास सांगतो: मऊ व्हिनिलचे ट्रॅक स्प्रूला चिकटून राहू देऊ नका. व्हिनिल मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनला खातं. जिथे स्पर्श होतो तिथे प्लास्टिक चिकट होऊन वितळल्यासारखं दिसतं. साध्या पॉलिथीनच्या पिशवीत वेगळे ठेवले की काळजी मिटली.

आता फळ्या किती खोल हव्यात ते. खऱ्या वस्तूचं माप भागिले स्केल, एवढंच गणित आहे. स्पिटफायरचे पंख साधारण ११.२ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर. टायगर रणगाडा तोफेसकट साडेआठ मीटरच्या आसपास, १:३५ मध्ये २४ सेंमी. दोन्ही एका फुटात आरामात बसतात. पण पुढेमागे बी-१७ बॉम्बर घेतलंत तर त्याची लांबीच साडेबावीस मीटरच्या वर आहे, १:७२ मध्ये ३१ सेंमीहून जास्त. शेपूट फळीबाहेर येणार. यामातो २६३ मीटर, म्हणजे ७५ सेंमी, आणि खोकं त्याहून लांब. तिच्यासाठी सगळ्यात खालचा एक खण मधल्या आधाराशिवाय सोडा, तिथली फळी जाड घ्या. खोक्यांच्या फळ्या १६ इंच खोल करा आणि खोकी आडवी न लावता आत सरकवा, अरुंद बाजू समोर. नाव त्या बाजूलाही छापलेलं असतं. एकावर एक चारपेक्षा जास्त नको, नाहीतर खालचं झाकण दबतं.

थर_थिनर:
रंगांबद्दल भर घालतो. बाटल्यांची मापं वेगळी असतात, सरसकट एका उंचीचे खाचे करू नका. तामियाची छोटी बाटली १० मिलीची, हंब्रोलचा डबा १४ मिलीचा, वायेहोची नळीसारखी बाटली उंच. पायऱ्यापायऱ्यांचा स्टँड केला की मागचंही दिसतं. रंगछटेप्रमाणे लावण्याआधी प्रकाराप्रमाणे लावा: ॲक्रिलिक एकीकडे, एनॅमल आणि लॅकर दुसरीकडे. घाईत चुकीचा थिनर (रंग पातळ करायचं द्रव) घेतला की एअरब्रशमध्ये रंग फाटतो. लॅकर, एनॅमल आणि त्यांचे थिनर पेट घेणारे आहेत. ते खिडकीच्या उन्हात नकोत, हीटर किंवा प्लगपॉइंटजवळ नकोत, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात.

पंखशेपटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रेची कल्पना फार आवडली, सुताराला आजच सांगतो. दोन शंका राहिल्या. तयार विमानं कुठे ठेवू? आणि काही जुन्या खोक्यांतली डीकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायची छापील चिन्हं) पिवळी पडली आहेत, ती वाया गेली का?

जुनं_डीकल:
तयार विमानं डोळ्यांच्या पातळीच्या वर, काचेच्या दारांमागे, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या खणात. उघड्या फळीवर धूळ बसते, आणि धूळ झटकतानाच पिटो ट्यूब (वेग मोजणारी बारीक नळी) आणि अँटेनाच्या तारा तुटतात. थेट ऊन आलं तर पांढरा रंग आणि वार्निश पिवळसर होतात.

डीकल लगेच टाकू नका. पिवळी पडते ती बहुतेक वेळा वरची पारदर्शक फिल्म. कागद झिपच्या पिशवीत घालून, छापलेली बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. दमट हवेत नुसतं लटकवू नका, गोंद ओलावतो. लावण्याआधी कोपऱ्यातलं एक नको असलेलं चिन्ह कापून पाण्यात टाकून बघा. ते तुकडे तुकडे होऊन सुटलं, तर आधी पूर्ण कागदावर पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि मग प्रत्येक चिन्ह कडेकडेने कापून घ्या. पुढे सगळी डीकल खोक्यातून काढून सपाट फाइलमध्ये ठेवा, सिलिका जेलची पुडी घालून, आणि प्रत्येक पिशवीवर किटचं नाव लिहा. ती फाइल खिडकीपासून लांबच्या खालच्या खणात, यामातोच्या खोक्याशेजारी मावेल.