संशोधन इंटर्नशिपचे पहिले तीन आठवडे: मार्गदर्शकांच्या मौनाचा अर्थ कसा लावावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळची सांगलीची, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून सध्या बारा आठवड्यांच्या संशोधन इंटर्नशिपसाठी बर्लिनच्या डालेम भागातील एका विद्युत-रसायनशास्त्राच्या गटात आले आहे. आज तिसरा आठवडा संपला. राहण्या-जेवण्याची अडचण फारशी नाही. अडचण अशी आहे की मी जे करते आहे ते बरे आहे की वाईट, हे मला कोणी सांगतच नाही.

प्राध्यापकांची भेट आतापर्यंत दोनदा झाली. पहिल्या दिवशी हात मिळवून त्यांनी मला पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले, जे माझ्या जिभेवर अजूनही येत नाही, आणि पीएचडी करणाऱ्या एका मुलाच्या हवाली केले. त्याने मला फेरोसीन या लोहयुक्त संयुगाची सायक्लिक व्होल्टामेट्री करायला दिली, म्हणजे व्होल्टेज चढवत आणि परत उतरवत विद्युतप्रवाह मोजायचा. ॲसिटोनायट्राइलमध्ये फेरोसीन विरघळवायचे, आरगॉन सोडून ऑक्सिजन घालवायचा, ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनावर घासून घ्यायचा आणि आलेख काढायचा. जाताना आणि परतताना आलेखात येणाऱ्या दोन शिखरांमधील अंतर पुस्तकाप्रमाणे ५९ मिलिव्होल्टच्या आसपास यावे. इथे ७० आले तरी चालते. माझे १४० च्या खाली उतरत नाही. मी आलेख दाखवते, तो 'हं, रंजक आहे' असे म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. आमच्या महाविद्यालयात सरांनी जर्नलवर सही केली की प्रयोग संपतो. इथे सही करणारे कोणी नाही.

मागच्या आठवड्यात आकडा सुधारल्याशिवाय जायचे नाही असे ठरवून मी रात्री नऊपर्यंत थांबले. बाहेर उजेड असल्यामुळे वेळेचे भानही राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने 'संध्याकाळनंतर प्रयोगशाळेत एकटीने काम करायला परवानगी नाही' असे एका वाक्यात, आवाज न चढवता सांगितले आणि लगेच कॉफी घेणार का, असे विचारले. त्या रात्री मला झोप आली नाही. गटाच्या बैठकीत मी पाच मिनिटे स्वतःची ओळख करून दिली तेव्हा सगळ्यांनी टेबलावर टकटक केली. मला वाटले, आवरते घ्या असे सुचवत आहेत.

रोज इथल्या सहा वाजता, म्हणजे तिकडच्या साडेनऊला, आईचा फोन येतो आणि ती विचारते, 'आज काय केलंस?' माझे उत्तर असते, 'कालचंच.' या शांततेत नाराजी आहे की विश्वास? आणि बावळट न दिसता हे विचारायचे कसे?

अणुरेणू

माझी पीएचडी जर्मनीतच झाली, आता पुण्यात शिकवतो. तू म्हटले तर चालेल ना?

टेबलावरची टकटक म्हणजे टाळ्या. व्याख्यान संपले की तिथे विद्यापीठात मुठीने टेबल वाजवण्याची पद्धत आहे. एकटीने काम न करण्याचा नियमही तुझ्यासाठी खास काढलेला नाही; ज्वलनशील द्रावके हाताळताना काही झाले तर मदतीला माणूस हवा, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या आठवड्यात सुरक्षिततेची माहिती देऊन जी सही घेतली असेल, त्या कागदात तो बहुधा असेलच. तिकडे चूक सांगितली जाते ती त्या चुकीपुरती, आणि सांगून झाली की विषय मिटतो. आपल्याकडे साहेब गोड बोलू लागले की पोटात गोळा येतो, म्हणून ती कॉफी तुला खुपली असावी.

आता १४० कडे वळतो, कारण मला तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे दिसतो. 'माझे बरोबर येत नाही' असे तू दाखवतेस तेव्हा समोरच्याने काय उत्तर द्यावे? तुझ्या लिहिण्यात आकडा आहे, पण तो तसा का येतो याबद्दलचा तुझा स्वतःचा अंदाज कुठेच नाही. शिखरांमधील अंतर वाढण्याची ठळक कारणे दोन: एक तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंदावली आहे, म्हणजे इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग मळला आहे किंवा नीट घासला गेलेला नाही, नाहीतर द्रावणाचा रोध जास्त आहे आणि व्होल्टेजचा काही भाग वाटेतच खर्च होतो. दोन्हींत स्कॅनचा वेग वाढवला की अंतर वाढते, त्यामुळे नुसता वेग बदलून निवाडा होत नाही. मात्र फेरोसीनचे प्रमाण एक पंचमांश केलेस तर विद्युतप्रवाह कमी होईल आणि त्याबरोबर रोधामुळे होणारी घटही कमी होईल. दोष रोधाचा असेल तर अंतर आक्रसेल, पृष्ठभागाचा असेल तर जवळपास तेवढेच राहील. अर्ध्या दिवसाचे काम आहे. रोधाकडे बोट गेले तर रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो) किती दूर बसवला आहे, त्याचे सच्छिद्र टोक बुजले आहे का, आणि द्रावणातून वीज वाहावी म्हणून घालतो ते मीठ किती टाकले आहे, हे तपास.

आणि प्रयोगवहीत जे वजन प्रत्यक्ष केले ते लिही, जे करायचे होते ते नव्हे. ही चूक मी स्वतः दोन वर्षे केली.

दूरदेशी

मी पंधरा वर्षांपासून बर्लिनमध्ये आहे. रसायनातले मला काही कळत नाही, म्हणून बाकीचे थोडक्यात लिहिते. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. बारा आठवड्यांच्या मुक्कामाला सहसा त्याची गरज पडत नाही, पण मुक्काम लांबणार असेल तर आत्ताच विचारून ठेवा. देशभर चालणारे मासिक प्रवासी तिकीट घेतले असेल तर ते वर्गणीसारखे आपोआप पुढे चालू राहते. ज्या महिन्यानंतर नको असेल त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा. घरी परतल्यावर दोन महिन्यांचे पैसे कापले गेलेली मुले मी पाहिली आहेत. रविवारी दुकाने बंद असतात हे एव्हाना कळलेच असेल. फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडा, छतावरच्या धूरसूचक यंत्राला मोहरी आणि आग यांतला फरक समजत नाही.

आणि संध्याकाळी पाचला सगळे उठून जातात तेव्हा तुम्हीही उठा. उशिरापर्यंत बसणारा माणूस कष्टाळू असतो असे इथे कोणी समजत नाही. त्याला दिवसाचे नियोजन जमले नाही असे समजतात.

जुनी_वही

वरील मतांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. परदेशी मार्गदर्शक गप्प राहिला की त्यामागे काही खोल शिकवण्याची पद्धत असणार, असे आपण फार लवकर मानतो. कधी तो विश्वास असतो, कधी वेळेची टंचाई, आणि कधी सरळसरळ दुर्लक्ष. बारा आठवड्यांतील तीन संपल्यावर कोणता प्रकार आहे हे ओळखत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची ठरावीक वेळ मागून घ्यावी. तिथे अशी वेळ मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. जाताना एक पान लिहून न्यावे: काय केले, काय निघाले, मला काय वाटते, पुढे काय करू इच्छिते. शेवटच्या आठवड्यात माझ्याकडून काय अपेक्षित आहे, अहवाल की सादरीकरण, हेही आत्ताच विचारावे. आणि काढलेल्या मोजमापांची प्रत भारतात नेता येईल का, हे निघण्याच्या दिवसावर ढकलू नये.

डालेमचे नाव वाचून इरावती कर्वे आठवल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथल्याच कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते. कवट्यांच्या विषमतेत वंशांनुसार फरक दिसेल, या अपेक्षेने दिलेल्या विषयावर इरावतीबाईंनी मोजमापे केली, तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. तुमचा प्रसंग त्यापुढे फारच साधा आहे, पण मार्गदर्शकाची मुद्रा वाचण्यापेक्षा आपले मोजमाप वाचावे, एवढ्यापुरता तो दाखला चालेल असे वाटते. (संस्थेची ती इमारत आजही उभी आहे आणि विद्यापीठाच्या वापरात आहे, एखाद्या दुपारी जाऊन या.)

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आठवड्याने लिहिते आहे, कारण काहीतरी हाती लागल्याशिवाय लिहायचे नव्हते.

अणुरेणू सरांनी सांगितल्याप्रमाणे फेरोसीनचे प्रमाण पाचपट कमी केले आणि अंतर १४० वरून ८० वर आले. म्हणजे दोष रोधाचा. रेफरन्स इलेक्ट्रोड बदलून पाहिला, जवळ सरकवून पाहिला, फरक किरकोळ. शेवटी वही उघडली. सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट म्हणून जे मीठ आम्ही वापरतो, त्याचे २५ मिलीलिटरमध्ये ०.१ मोलार द्रावण करायला सुमारे ०.९७ ग्रॅम लागते. पहिल्या दिवशी मी आकडेमोड करताना दशांश चिन्ह एक घर चुकवले होते आणि तीन आठवडे रोज इमानाने ०.०९७ ग्रॅम मोजत होते. योग्य वजन घेतल्यावर पहिल्याच आलेखात ६८ आले.

मग धीर करून त्या मुलाला विचारले, 'तुला हे माहीत होते का?' माझी खात्री होती की तो मुद्दाम गप्प राहिला असणार. तो म्हणाला, नाही, मला वाटत होते की इलेक्ट्रोड नीट घासला जात नसावा, आणि ते तुझे तुला कळेल. म्हणजे मी ज्या मौनाचे दोन अर्थ लावून झोप घालवत होते, त्याला तिसराच, फार साधा अर्थ होता. त्याने मीठ किती घ्यायचे ते ग्रॅममध्ये लिहून तराजूशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे. दर बुधवारी अर्धा तास ठरला आहे. पहिल्या बुधवारी मी एक पान नेले, त्याने ते दोनदा वाचले आणि तिसऱ्या ओळीतील एकक चुकल्याचे सांगितले. सोमवारपासून सरावाचे फेरोसीन संपून मला प्रत्यक्ष उत्प्रेरकाची कुपी मिळाली आहे. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणे मात्र अजून जमत नाही. ते समोर आले की मी नुसतीच 'हॅलो' म्हणते.

संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे विचारले, तेव्हा सांगितले की तीन आठवडे मीठ दहापट कमी पडत होते. ती म्हणाली, 'मग चव कशी लागणार?'