विषय: टस्कनीत भाड्याची गाडी, भारतीय लायसन्स चालेल का?

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात नाशिकहून दादा-वहिनी येताहेत. आम्ही चौघं आधी फ्लॉरेन्स, मग सिएनाजवळ एका शेतघरात राहणार आहोत. माझं लायसन्स इथलं, यूकेचं. दादाचं नाशिक आरटीओचं, पण स्टिअरिंग त्यालाही हवंच आहे. चालेल का? आणि फ्लॉरेन्सला उतरल्या उतरल्या गाडी घेऊन टाकू का? विमा काउंटरवरचा घ्यावा की इथूनच काढून न्यावा?
— मेघना

*

मेघनाताई,
तुमचं यूकेचं कार्ड पुरे. दादांना मात्र निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय परवाना काढायला सांगा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवं, नुसत्या परवान्यावर गाडी मिळत नाही. दुसरा ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव काउंटरवरच घालून घ्या; त्याचे वेगळे पैसे पडतात.

फ्लॉरेन्समध्ये असेपर्यंत गाडी घेऊच नका. इटलीत भीती रहदारीची नाही, झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची आहे. जुन्या शहराच्या तोंडाशी लाल वर्तुळाची पांढरी पाटी आणि वर कॅमेरा. फाटक नाही, पोलीस नाही, कुणी अडवत नाही. जीपीएस 'डावीकडे वळा' म्हणतं आणि आपण वळतो. 'वार्को अत्तीवो' (प्रवेशद्वार चालू) हे झळकताना पाहून लोकांना वाटतं रस्ता चालू आहे. चालू असतो तो कॅमेरा! परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत धाडता येते, म्हणजे सहल विसरल्यावर. त्याआधीच गाडीवाल्यांनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचा आकार कार्डातून कापलेला असतो, तो दंडात धरत नाहीत. नोटीस आलीच तर पाच दिवसांत भरा, ३० टक्के कमी पडतात.

तेव्हा शहर पायीच पाहा. निघायच्या सकाळी टी-२ ट्रामनं विमानतळ गाठा आणि तिथून गाडी घ्या. सिएनातही ती तटाबाहेरच ठेवायची. सांता कातेरीनाच्या पार्किंगपासून सरकते जिने थेट वर गावात नेतात, वहिनींच्या गुडघ्यांनाही बरं. फ्लॉरेन्स-सिएना जलद रस्त्याला टोल नाही, पण मी असतो तर ग्रेव्हे गावावरून जाणारा, कियांतीच्या डोंगराळ भागातला जुना रस्ता, एसआर २२२, धरला असता. वेळ जातो, जाऊ दे.

बाकी किरकोळ: निळ्या पट्ट्यांत पैसे भरून पार्किंग, पांढऱ्यांत फुकट, पिवळ्या आपल्या नव्हेत. ऑटोस्ट्राडावर, म्हणजे तिथल्या मोटरवेवर, वेगमर्यादा ताशी १३० किमी, पाऊस असेल तर ११०. टोलनाक्यावर फक्त 'टेलेपास' लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नका, ती गाडीत आपोआप टोल कापणारं यंत्र असलेल्यांसाठी असते.

दादा मारुतीवाले असतील तर पहिला तासभर गिअर शोधताना डावा हात दारावर आपटेल आणि प्रत्येक वळणाला वायपर फिरतील. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारू द्या.
— निनाद

*

मेघना,
निनादनं विम्याचं सोडलंच. शेतघरांकडे जाणारा शेवटचा पट्टा पुष्कळदा 'स्त्रादा बियांका' असतो, म्हणजे पांढऱ्या खडीची कच्ची वाट. पुढच्या गाडीनं उडवलेली खडी थेट आपल्या काचेवर येते. आणि मूळ विम्यातून बहुतेक वेळा काच, टायर आणि गाडीचं बूडच वगळलेलं असतं. बारीक अक्षर वाच.

इथून काढलेली एक्सेस पॉलिसी (नुकसानीतला आपल्या माथी येणारा हिस्सा परत देणारी) काउंटरवरच्या विम्यापेक्षा खूपच स्वस्त पडते. पण ती दाखवली तरी ते कार्डावर हजार-दीड हजार युरो अडकवून ठेवतात. ओरखडा आला तर आधी भरायचं आपण, मग पॉलिसीकडून मागायचं. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, तेव्हा तुझंच ने. ताब्यात घेताना रिम आणि बंपरच्या खालच्या कडेचा व्हिडिओ काढ. काउंटरवरची मुलगी घाई करेल, करू दे.

चौघं आणि चार बॅगा फियाट पांडासारख्या छोट्या गाडीत मावणार नाहीत. म्हणून एसयूव्हीही नको, तिथल्या बोळांतून आरसे मिटून जावं लागतं. आणि खरं सांगू? फ्लॉरेन्स-सिएना बस चांगली आहे. शेतघर नसतं तर मी गाडी घेऊच नको म्हटलं असतं.
— काका

*

काका, निनाद, आभार. दादाचा अर्ज आज रात्रीच भरून टाकतो आहोत. ऑटोमॅटिक बघतेय, महाग आहे, पण निदान गिअरची झटापट तरी वाचेल. शेतघरवाल्यांना शेवटच्या रस्त्याचं विचारलं तर त्यांनी फोटोच पाठवला: पांढरी खडी, मधे गवताची पट्टी. काच-टायरची पॉलिसी घेतेय.
— मेघना