गाडीची काच फोडणारा पोरगा चार महिने आत आहे आणि आता मलाच कसंतरी होतंय

सिडकोवाली_मीनल:

जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. फेब्रुवारीत रात्री दीडच्या सुमाराला आमच्या कॉलनीत चार पोरं कोयते घेऊन आली आणि रस्त्याला लागलेल्या नऊ गाड्या फोडून गेली, त्यात माझी वॅगनआर पण होती, पुढची काच आणि एक आरसा, साडेअकरा हजार गेले, इन्शुरन्सवाल्यांचं वेगळंच रामायण. दोन दिवसात पोरं सापडली. तिघं अल्पवयीन, चौथा एकोणीसचा. तेव्हा मी पण म्हटलेलं की चांगली अद्दल घडवा यांना, खोटं कशाला बोलू.

नंतर कळलं की त्या चौथ्याची आई आमच्या मागच्याच सोसायटीत धुणीभांडी करते. त्याचा जामीन मंजूर होऊन अडीच महिने झाले तरी पोरगा नाशिकरोडच्या जेलमधेच आहे कारण जामीनदार मिळत नाही. मुलाकातीला जायचं म्हणजे तिचा त्या दिवसाचा खाडा. परवा जिन्यात भेटली तर म्हणाली, ताई आत जाताना तो चार पोरांना ओळखायचा, आता निम्म्या बराकीला ओळखतो. यावर काय बोलणार.

त्यात माझी एक मैत्रीण, ती सोशल वर्क शिकवते, ती म्हणाली की जगात असे लोक आहेत जे म्हणतात तुरुंग सुधारू नका, हळूहळू बंदच करा. अमेरिकेत अँजेला डेव्हिस, रूथ विल्सन गिलमोर वगैरे. मला आधी वाटलं वेडेपणा आहे. मग वाटलं, माझी काच तर कोणी भरून दिली नाही, पोरगा पण बिघडला, आईचा पगार पण कापला जातोय, मग या सगळ्यात नेमकं कोणाचं भलं झालं? तुम्हाला काय वाटतं, आपल्याकडे असं काही शक्य आहे का? आणि या पोराचं काय करता येईल?

द्वारका_ट्रॅफिक:

ताई राग मानू नका पण तुमची फक्त काच गेली म्हणून तुम्हाला दया सुचतेय. माझ्या मेव्हण्याच्या मानेवरून कोयता गेला, सहा टाके, तो अजून रात्री दुकान आठलाच बंद करतो. नाशकात मधे कोयतेवाल्यांचं जे चाललं होतं ते आठवा, आणि मग पोलिसांनी धरून धरून एकेका गुंडाकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणवून घेतलं ते रील आख्ख्या गावाने स्टेटसला ठेवले, का ठेवले? लोकांना बरं वाटलं म्हणून. तुरुंग बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री बाराला एकट्याने चालत घरी जाऊन दाखवावं.

आणि तुमचे ते पर्याय बघितले आम्ही. पुण्यात मे २०२४ मधे पोर्शे गाडीखाली दोन जीव गेले आणि चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला काय तर ३०० शब्दांचा निबंध. हा का तुमचा पर्याय?

कोर्टातला_काळा_कोट:

मीनलताई, आधी कामाचं बोलतो, तत्त्वज्ञान नंतर.

जामीन मंजूर आहे आणि सुटका नाही, ही केस रोजची आहे. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर स्पष्ट सूचना दिल्यात. जामीन मिळून ७ दिवसात कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. कागदावर हे सगळं आपोआप व्हायला पाहिजे, प्रत्यक्षात कोणीतरी मागे लागावं लागतं. तर त्या माउलीला घेऊन सीबीएसजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, फुकट वकील मिळतो, पीआर बाँडवर (म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडा किंवा रक्कम कमी करा असा अर्ज करायला सांगा. जोडीला केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे २०२३ पासून, त्यात कच्च्या कैद्याला (ज्याचा खटला अजून चालू आहे) जामिनासाठी मदत होऊ शकते, सुरुवातीला ती ४०,००० पर्यंत होती. कोणी "सॉल्व्हन्सीवाला (ऐपतीचा दाखला असलेला) जामीनदार देतो, एवढे द्या" म्हणत गेटवर भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

आता द्वारकासाहेब, तुमचा राग कळतो, पण एक आकडा बघा. २०२२ च्या एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) आकडेवारीत देशभरच्या तुरुंगात ५,७३,२२० माणसं, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारातले तीन. यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही अजून. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आपण "गुन्हेगार आत आहेत" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तारखेची वाट बघणारा माणूस आत असतो, आणि तो कोण असतो तर ज्याच्याकडे सातबारा असलेला नातेवाईक नाही तो.

पर्यायांचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आलीये. पण फक्त सहा गुन्ह्यांना! पाच हजाराखालची पहिली चोरी आणि माल परत केला तर, दारू पिऊन चारचौघात धिंगाणा, अब्रुनुकसानी वगैरे. गाडीची काच फोडणं त्यात नाही. गंमत म्हणजे १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, पण वकीलच मागत नाहीत, मी पण सुरुवातीची काही वर्षं मागितलं नव्हतं.

पेठरोडचा_संत्या:

द्वारका दादा, निबंधाबद्दल एकच. तो पर्याय बियाय काही नव्हता. त्यात मेलेल्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का की तुम्हाला काय पाहिजे? नाही ना. मग ती नुसती सूट झाली.

खरा प्रकार बघायचा तर १९७४ ला कॅनडात ऑन्टारियोमधे एल्मायरा म्हणून गाव आहे तिथे दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, गाड्यांचे टायर फाड, काचा फोड, अगदी मीनलताईंच्या कॉलनीसारखं. प्रोबेशन अधिकाऱ्याने जजला म्हटलं यांना त्या घराघरात जाऊन भेटू द्या. आणि खरंच दार वाजवून, समोर उभं राहून, आम्हीच केलं म्हणून सांगायला लावलं, नुकसान विचारलं आणि पुढच्या काही महिन्यात भरून दिलं. मला विचाराल तर मी तीन महिने आत बसेन पण त्या २२ दारांसमोर उभं राहणार नाही. 😅 ही सोपी शिक्षा अजिबात नाहीये. न्यूझीलंडमधे तर १९८९ पासून अल्पवयीन मुलांसाठी कायद्यातच आहे, घरचे, पीडित, पोलीस सगळे एकत्र बसतात, तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीवरून घेतलेलं.

विमुक्ता_३१ऑगस्ट:

सगळं वाचलं. छान आहे. पण "समाज निवाडा करेल" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि का येतो ते सांगते.

मी भटक्या विमुक्त समाजातली. १८७१ ला इंग्रजांनी कायदा करून आख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही सुटलो, पण आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येते. म्हणजे तुरुंग कोणासाठी असतो हे मला आकडे न बघता कळतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तुरुंगात जात बघून झाडूकाम वाटायचं नाही. २०२४ ला! त्यामुळे अबोलिशनवाल्यांचं, म्हणजे तुरुंग बंद करा म्हणणाऱ्यांचं, निम्मं म्हणणं मला तोंडपाठ आहे.

उरलेलं निम्मं मात्र अवघड आहे. कारण आमच्याकडे समाजाचा निवाडा होताच की, त्याला जातपंचायत म्हणतात. पोलीस नाही, कोर्ट नाही, तुरुंग नाही. दंड, वाळीत टाकणं, उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणं. २०१३ ला याच नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर पोरीला बापाने मारून टाकलं, पंचांच्या धाकाने. त्यानंतर अंनिसने जातपंचायतीला मूठमाती द्यायची मोहीम काढली आणि २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. बघा म्हणजे, समाजाची शिक्षा थांबवायला आम्हाला तुरुंगाचाच धाक मागावा लागला. मीनलताई, तुमच्या मैत्रिणीला हे विचारा. ती बैठक बसेल तेव्हा सतरंजीवर कोण बसेल आणि दाराशी कोण उभं राहील?

निफाडचे_गुरुजी:

विमुक्ताताईंचं म्हणणं शंभर टक्के. मी शिक्षक, आता रिटायर, आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत चार वर्षं होतो. आर. आर. आबांनी (पाटील, तेव्हाचे गृहमंत्री) १५ ऑगस्ट २००७ ला गावातले तंटे गावातच मिटवायची ही मोहीम सुरू केली तेव्हा सुरुवातीला जोर होता. बांधाची भांडणं, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी, पोळ्याची मिरवणूक कोणाच्या दारावरून, हे आम्ही चांगलं मिटवलं, कोर्टात वीस वर्षं गेली असती. पण एकदा नवऱ्याच्या मारहाणीचं प्रकरण आलं, समितीत बाया दोन, त्याही सासरेबुवांसमोर पदर सावरून गप्प, आणि आम्ही काय केलं तर "नांदायला पाठवलं". पाच महिन्यांनी ती माहेरी आली ती हात प्लॅस्टरमधे घेऊन. तेव्हा मी एकटा नव्हतो पण सही माझी पण होती.

म्हणून माझं मत, पोरांनी काच फोडली याला बैठक चालते, दोघं साधारण एका पायरीवर आहेत म्हणून. जिथे एकजण दुसऱ्याच्या भाकरीवर आहे तिथे बैठक नको.

बाकी तुरुंगाला भिंत लागतेच असं नाही हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवलंय. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत, १९३९ ला औंधच्या राजांनी सुरू केलं, मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनियर होता त्याची कल्पना. खुनातले कैदी बायकापोरांसकट राहून शेती करायचे. तिथे पळून जायला काही अडचण नव्हती.

द्वारका_ट्रॅफिक:

गुरुजी तुम्ही प्लॅस्टरचं लिहिलंत ते बरं केलंत. मेव्हण्याला विचारलं मी आत्ता, तुला त्या पोराला समोर बसवलं तर काय विचारशील. तो म्हणाला, मलाच का, एवढंच. कोर्टात हे कोणी विचारतच नाही. पण तो पोरगा आत्ता बाहेर आलेला मात्र नको म्हणतो. मी पण नको म्हणतो.

सिडकोवाली_मीनल:

काळा कोट दादा, थँक्यू, सोमवारी त्यांना घेऊन प्राधिकरणात जातेय, त्या म्हणाल्या अकराच्या आत चालेल, नंतर दोन घरची भांडी आहेत.

बाकी नऊ गाड्यांपैकी पाच जणांना फोन केले. तिघं म्हणाले पोरगा येऊन बोलणार असेल तर ऐकू, एकाने फोनच ठेवला, आणि एक आजोबा म्हणाले पैसे नकोत, पण बाकीच्या तिघा पोरांना पण आण, माझी स्कूटर त्यांच्यातल्याच एकाने आडवी केली होती. त्या तिघांचं काय हे मला सुचलंच नव्हतं. बाल न्याय मंडळासमोर असलेल्या मुलांना असं भेटायला बोलावता येतं का, की त्यासाठी पण अर्ज लागतो?